कर्नलमधे हार्डवेअर इंटरप्ट कसे हाताळायचे: टेबल भरण्यापासून ते हँग शोधण्यापर्यंत

पहिल्यांदा स्वतःचा छोटा कर्नल, म्हंजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला तेव्हा नुसत्या कीबोर्डवर माझे तीन दिवस गेले होते. एक बटण दाबलं की स्क्रीनवर अक्षर यायचं, दुसरं दाबलं की काहीच नाही, मशीन तर चालू आहे, टायमर टिकटिक करतोय, फक्त कीबोर्ड मेलेला. कोड कितीतरी वेळा वाचला. पण लिहिलेल्या ओळींत चूक नव्हतीच, जी एक ओळ लिहायला हवी होती ती लिहिलेलीच नव्हती, मग वाचून सापडणार तरी कशी.

त्या तीन दिवसांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. इंटरप्ट आला, म्हंजे डिव्हाइसनं सीपीयूला हाक मारली, की तीन जणांकडे उधारी लागते आणि ती तिघांचीही फेडावी लागते. पहिला डिव्हाइस, त्याला सांगायचं की तुझं ऐकलं, आता लाइन सोड. दुसरा इंटरप्ट कंट्रोलर, त्याला सांगायचं की हे काम झालं, पुढचं पाठव. तिसरा सीपीयू, त्याला जिथून उचलून आणलं तिथं जसाच्या तसा परत सोडायचा. तिघांपैकी एकाची जरी राहिली तरी मशीन कुठंतरी अडकतं, आणि कुणाची राहिली यावरून अडकण्याची तऱ्हा बदलते. पुढचं सगळं याच हिशोबानं वाचा, डीबग करताना फार उपयोगी पडतं.

मी इथं ६४-बिट एक्स८६ धरतोय, भाषा सी आणि थोडी असेंब्ली, आणि चालवायला क्यूएमू हा एम्युलेटर. तुमचा कर्नल बूट होऊन लाँग मोडमधे, म्हंजे ६४-बिट मोडमधे, आलाय आणि सीरियल पोर्टवर अक्षरं छापता येतायत असंही धरतो. सीरियल नसेल तर आधी ते करा, खरंच, स्क्रीनवर छापणारा कोड स्वतःच बिघडला की तुम्ही आंधळे होता.

आधी सीपीयू काय करतो ते

इंटरप्ट आला की सीपीयू चालू असलेली इन्स्ट्रक्शन पूर्ण करतो, स्टॅक १६ बाइटला अलाइन करतो आणि त्यावर पाच गोष्टी ठेवतो: जुना स्टॅक सेगमेंट, जुना स्टॅक पॉइंटर, फ्लॅग्ज, कोड सेगमेंट आणि परत जायचा पत्ता. एकूण ४० बाइट. मग व्हेक्टर नंबर, म्हंजे कुठला इंटरप्ट ते सांगणारा आकडा, घेऊन इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबलात बघतो, म्हंजे आयडीटीमधे, आणि तिथं लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. बस एवढंच. बाकीचे रजिस्टर तो सेव्ह करत नाही, ते तुमचं काम.

व्हेक्टर ० ते २५५. त्यातले ० ते ३१ इंटेलनं एक्सेप्शनसाठी राखून ठेवलेत, म्हंजे शून्यानं भागाकार, पेज फॉल्ट, डबल फॉल्ट वगैरे. हार्डवेअरसाठी ३२ पासून पुढचे वापरायचे. हा ३२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पायरी १: टेबल

६४-बिटमधे आयडीटीची एक नोंद १६ बाइटची, २५६ नोंदी, म्हंजे बरोबर ४०९६ बाइट. हँडलरचा, म्हंजे इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडचा, पत्ता एकसंध लिहायचा नसतो, तीन तुकडे करायचे असतात, खालचे १६ बिट, मधले १६ आणि वरचे ३२, आणि मधे सिलेक्टर (कुठला कोड सेगमेंट), आयएसटी (वेगळ्या स्टॅकचा नंबर, पायरी ३ बघा) आणि टाइपचे बाइट येतात. स्ट्रक्चर पॅक्ड करायला विसरू नका, म्हंजे कंपायलर मधे रिकामे बाइट घालणार नाही. टाइपच्या बाइटमधे हेक्स ८ई टाकलं की इंटरप्ट गेट होतं, ८एफ टाकलं की ट्रॅप गेट. फरक एकच, इंटरप्ट गेटमधून शिरताना सीपीयू पुढचे इंटरप्ट आपोआप बंद करतो, ट्रॅप गेटमधे चालूच ठेवतो. हार्डवेअरसाठी इंटरप्ट गेटच वापरा, नेस्टेड इंटरप्टचा उत्साह नंतर कधीतरी, किंवा कधीच नाही, माझं मत विचाराल तर कधीच नाही.

मग टेबलाचा पत्ता आणि साइज एका छोट्या स्ट्रक्चरमधे भरून एलआयडीटी ही इन्स्ट्रक्शन चालवायची, ती सीपीयूला टेबल कुठं आहे ते सांगते. साइजमधे ४०९६ नाही, ४०९५ लिहायचं, एक कमी.

सिलेक्टर तुमच्या कर्नल कोड सेगमेंटचा हवा. बूटलोडरनं स्वतःचं जीडीटी, म्हंजे सेगमेंटचं टेबल, लावून दिलेलं असेल आणि तुम्ही मनानं ०८ लिहिलं तर पहिल्याच इंटरप्टला जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, तो हाताळायला परत तेच टेबल, मग डबल फॉल्ट, मग ट्रिपल फॉल्ट आणि मशीन रीसेट. आपलं जीडीटी आधी लावून घ्या मगच इकडे या.

पायरी २: स्टब, जिथं सगळ्यात जास्त लोक पडतात

सीचं साधं फंक्शन थेट हँडलर म्हणून देता येत नाही कारण ते साध्या रिटर्ननं परत जातं आणि इथं आयरेटक्यू, म्हंजे इंटरप्टमधून परत जायची इन्स्ट्रक्शन, लागते. म्हणून प्रत्येक व्हेक्टरला असेंब्लीत एक छोटा स्टब लिहायचा. मॅक्रोनं २५६ बनवा, हातानं लिहू नका.

अडचण अशी की काही एक्सेप्शनमधे सीपीयू त्या पाच गोष्टींच्या वर एक एरर कोडही ढकलतो, बाकीच्यांत ढकलत नाही. एरर कोड वाले म्हंजे ८, १०, ११, १२, १३, १४, १७, २१, आणि व्हर्चुअलायझेशनच्या संबंधातले २९ आणि ३०. बाकी सगळ्यांसाठी स्टबनं स्वतः एक खोटा शून्य ढकलायचा म्हंजे स्टॅकचा आकार सगळीकडे सारखा राहतो. त्यानंतर व्हेक्टर नंबर ढकलायचा आणि एका कॉमन जागी उडी मारायची.

कॉमन जागेवर स्टॅक पॉइंटर सोडून बाकीचे १५ जनरल रजिस्टर ढकलायचे, डायरेक्शन फ्लॅग सीएलडीनं साफ करायचा, स्टॅकचा पत्ता पहिलं आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा आणि सीचं फंक्शन कॉल करायचं. इथं एक हिशोब करून बघा: सीपीयूचे ४०, एरर कोड ८, व्हेक्टर ८, रजिस्टर १२०, एकूण १७६, आणि १७६ ला १६ नं बरोब्बर भाग जातो. सीला कॉलच्या आधी स्टॅक १६ ला अलाइन हवा असतो, तो असा फुकटात मिळतो. पण मधे उगाच आणखी एक रजिस्टर ढकललंत की अलाइनमेंट गेली, आणि ते लगेच कळतही नाही, कधीतरी कंपायलर एसएसईची (मोठ्या १२८-बिट रजिस्टरांची) इन्स्ट्रक्शन टाकेल त्या दिवशी कळतं.

परत येताना रजिस्टर उलट्या क्रमानं काढायचे, स्टॅक पॉइंटरमधे १६ मिळवून व्हेक्टर आणि एरर कोड टाकून द्यायचे, मग आयरेटक्यू. ते १६ विसरलं की आयरेटक्यू भलत्याच पत्त्यावर जातं. ही झाली सीपीयूची उधारी.

यूजर मोडमधून, म्हंजे साधा प्रोग्रॅम चालू असताना, इंटरप्ट येऊ शकत असेल आणि तुम्ही जीएस सेगमेंटमधे पर-सीपीयू डेटा ठेवत असाल तर शिरताना आणि निघताना स्वॅपजीएस (जीएसची यूजर आणि कर्नलची व्हॅल्यू अदलाबदल करणारी इन्स्ट्रक्शन) लागतं, पण फक्त यूजरमधून आलं असेल तेव्हाच, ते सेव्ह केलेल्या कोड सेगमेंटचे खालचे दोन बिट बघून ठरवायचं.

आता कंपायलरचं. रेड झोन नावाचा प्रकार आहे, सिस्टिम व्ही एबीआयमधे, म्हंजे फंक्शन कॉलच्या ठरलेल्या नियमांत, फंक्शनला स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट न सांगता वापरायची मुभा असते. यूजर प्रोग्रॅममधे चालतं, कर्नलमधे इंटरप्ट आला की सीपीयू नेमका त्याच जागेवर लिहितो आणि तुमचा लोकल व्हेरिएबल उडतो. कधी उडतो कधी नाही, लॉजिक शोधाल तर वेड लागेल. म्हणून कर्नल कंपाइल करताना रेड झोन बंद करणारा फ्लॅग द्यायचाच, आणि फक्त जनरल रजिस्टर वापर असं सांगणाराही, कारण स्टब एसएसई रजिस्टर सेव्ह करत नाहीये.

पायरी ३: आधी एक्सेप्शन तपासा

हार्डवेअरला अजून हात लावायचा नाही. सगळे ३२ एक्सेप्शन एकाच सी फंक्शनला जोडा, जे व्हेक्टर, एरर कोड, पत्ता आणि पेज फॉल्ट असेल तर सीआर२ रजिस्टर (ज्या पत्त्यावर फॉल्ट आला तो) सीरियलवर छापेल आणि थांबेल. मग मुद्दाम ब्रेकपॉइंटची इन्स्ट्रक्शन टाका, व्हेक्टर ३ छापला जायला हवा, आणि या एकाला थांबवू नका, परत येऊ द्या, म्हंजे परतीची वाटही तपासली जाते. हे लूपमधे हजार वेळा करा आणि आधीनंतर रजिस्टरच्या व्हॅल्यू जुळवून बघा. कंटाळवाणं आहे पण ज्यांनी हे केलं नाही ते पुढे कीबोर्डच्या कोडमधे स्टबची चूक शोधत बसतात.

डबल फॉल्ट आणि एनएमआयला (बंद न करता येणारा इंटरप्ट) वेगळा स्टॅक द्या, टीएसएस नावाच्या स्ट्रक्चरमधे आयएसटीच्या सात जागा असतात त्यातल्या दोन वापरायच्या. कर्नलचा स्टॅक ओव्हरफ्लो झाला तर त्याच स्टॅकवर डबल फॉल्ट हाताळता येणार नाही, सरळ रीसेट होईल आणि तुम्हाला एक अक्षरही बघायला मिळणार नाही.

पायरी ४: कंट्रोलर

जुना कंट्रोलर म्हंजे ८२५९ए, पीआयसी. दोन चिप्स, प्रत्येकी आठ लाइन, दुसरी पहिलीच्या लाइन २ वर जोडलेली, म्हणून वापरायला १५ लाइन उरतात. आता यातली जुनी खोड: १९८१ च्या आयबीएम पीसीत पहिल्या आठ लाइन व्हेक्टर ८ ते १५ ला जोडल्या गेल्या, इंटेलनं ते राखीव ठेवलेले असतानासुद्धा, आणि बायोस आजही तसंच ठेवून जातो. म्हंजे काहीच बदललं नाही आणि इंटरप्ट चालू केले तर टायमरची पहिली टिक व्हेक्टर ८ वर येते आणि तुमचा हँडलर ओरडतो डबल फॉल्ट, डबल फॉल्ट. बरेच जण इथं फॉल्ट शोधत बसतात. फॉल्ट नसतोच, तो टायमर असतो.

म्हणून रीमॅप, म्हंजे या लाइनना नवे व्हेक्टर द्यायचे. दोन्ही चिप्सच्या कमांड पोर्टवर, म्हंजे हेक्स २० आणि ए० वर, हेक्स ११ लिहायचं, यानं इनिशियलायझेशन सुरू होतं. मग डेटा पोर्टवर, म्हंजे २१ आणि ए१ वर, ओळीनं तीन तीन व्हॅल्यू: पहिली व्हेक्टरची सुरुवात, एकीला ३२ आणि दुसरीला ४०. दुसरी जोडणीची माहिती, मास्टरला, म्हंजे पहिल्या चिपला, ४ कारण बिट २ वर स्लेव्ह, म्हंजे दुसरी चिप, आहे, स्लेव्हला २ कारण तो त्याचा नंबर. तिसरी दोघांना १, ८०८६ मोड. मधे मधे पोर्ट हेक्स ८० वर काहीतरी लिहून थोडा उसंत द्या, जुन्या हार्डवेअरला लागतो. शेवटी मास्क. मास्कमधे १ म्हंजे बंद, ० म्हंजे चालू, उलटं वाटतं पण तसंच आहे. टायमर आणि कीबोर्ड हवे असतील तर मास्टरवर हेक्स एफसी, स्लेव्हवर एफएफ. पुढे स्लेव्हवरची एखादी लाइन उघडाल तेव्हा मास्टरची लाइन २ सुद्धा उघडावी लागते, नाहीतर ती चिप ओरडत राहते आणि कुणाला ऐकू जात नाही.

प्रत्येक इंटरप्टनंतर ईओआय, म्हंजे एंड ऑफ इंटरप्ट, पाठवायचा, त्यासाठी कमांड पोर्टवर हेक्स २० लिहायचं. लाइन ८ किंवा पुढची असेल तर आधी स्लेव्हला मग मास्टरलाही. ही कंट्रोलरची उधारी, आणि माझ्या त्या तीन दिवसांचं उत्तर इथंच होतं. मी प्रत्येक डिव्हाइसचा हँडलर वेगळा लिहिला होता, टायमरमधे ईओआय होता, कीबोर्डमधे नव्हता. मग टायमर का चालू राहिला? कारण पीआयसीमधे लाइन ० ची प्रायॉरिटी सगळ्यात वर असते, लाइन १ चा हिशोब उघडा पडला तर ती स्वतः आणि तिच्या खालच्या सगळ्या अडतात, वरची अडत नाही. म्हंजे उलट करून बघा, टायमरचा ईओआय विसरलात तर सगळंच बंद पडेल. आता मी ईओआय एकाच जागी, कॉमन डिस्पॅचरमधे ठेवतो.

स्प्युरियस इंटरप्ट म्हणून एक भानगड आहे. सीपीयूनं विचारेपर्यंत डिव्हाइसनं लाइन सोडली तर पीआयसी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून लाइन ७ सांगतो, स्लेव्ह असेल तर १५. ७ आला की कमांड पोर्टवर हेक्स ०बी लिहून त्याच पोर्टवरून वाचायचं आणि बिट ७ खरंच लागलाय का बघायचं. नसेल तर ईओआय पाठवायचा नाही. १५ खोटा असेल तर स्लेव्हला नाही पण मास्टरला पाठवायचा, कारण मास्टरच्या दृष्टीनं लाइन २ खरंच वाजली होती.

पायरी ५: टायमर

सोपं आहे, पटकन. पीआयटीची, म्हंजे पीसीतल्या टायमर चिपची, मूळ फ्रीक्वेन्सी ११,९३,१८२ हर्ट्झ. सेकंदाला १०० टिक हव्या तर डिव्हायझर ११,९३२. पोर्ट हेक्स ४३ वर हेक्स ३६ लिहायचं, मग पोर्ट हेक्स ४० वर डिव्हायझरचा खालचा बाइट आणि मग वरचा. हँडलरमधे एक काउंटर वाढवा. मग एसटीआय, म्हंजे इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन.

हो, एसटीआय आत्ता, आणि त्याआधी कुठंच नाही. टेबल, स्टब, रीमॅप, मास्क, हँडलर रजिस्टर आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट चालू.

एक खड्डा मात्र सांगायलाच हवा. टायमरच्या हँडलरमधूनच टास्क बदलत असाल, म्हंजे शेड्यूलर तिथंच कॉल होत असेल, तर ईओआय त्याच्या आधी पाठवा. नाहीतर काय होतं, कंटेक्स्ट स्विच होऊन दुसरा टास्क सुरू होतो, ईओआयची ओळ जुन्या टास्कच्या स्टॅकवर वाट बघत बसते, आणि तो जुना टास्क परत यायला टायमर लागतो जो आता येणारच नाही. नवीन टास्कच्या सुरुवातीच्या फ्लॅग्जमधेही इंटरप्टचा बिट लावलेला हवा, साधारण हेक्स २०२ देतात.

पायरी ६: कीबोर्ड आणि रिंग बफर

लाइन १ वर इंटरप्ट आला की पोर्ट हेक्स ६० वरून बाइट वाचायचा. वाचायचाच, तुम्हाला नको असला तरी. तो बाइट वाचेपर्यंत कंट्रोलर पुढचं बटण सांगत नाही, ही डिव्हाइसची उधारी. आणि फसवं असं की ईओआय विसरल्यावर जे दिसतं जवळपास तेच इथंही दिसतं, पहिला इंटरप्ट येतो आणि मग शांतता. फरक कसा ओळखायचा ते शेवटी सांगतो.

आलेला बाइट म्हंजे स्कॅनकोड, अक्षर नाही. ए दाबलं की हेक्स १ई, सोडलं की ९ई, म्हंजे सोडताना वरचा बिट लागतो. ॲरो की वगैरेंच्या आधी ई० येतो. हे सगळं डीकोड करणं, शिफ्ट बघणं, स्क्रीनवर छापणं यातलं काहीही हँडलरमधे करू नका. बाइट बफरमधे टाका आणि निघा.

बफर २५६ बाइटचा घ्या, दोन इंडेक्स ८-बिटचे, म्हंजे २५५ नंतर आपोआप ० होतात. हेड फक्त हँडलर बदलणार, टेल फक्त वाचणारा. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर लॉक लागत नाही, पण दोन्ही इंडेक्स ॲटॉमिक करा आणि डेटा आधी, हेड नंतर हा क्रम ॲटॉमिकच्या ऑर्डरिंगनं पक्का करा, नाहीतर कंपायलर हुशारी करून टेल-हेडची तुलना लूपच्या बाहेर काढतो आणि तुमचा लूप कायमचा फिरत राहतो. बफर भरला तर नवीन बाइट टाकून द्या आणि किती टाकले ते मोजा.

आता वाचणाऱ्या बाजूला, काही नसेल तर सीपीयू हॉल्ट करायचा असतो. इथं एक सुंदर रेस आहे. तुम्ही बघितलं बफर रिकामा आहे, आणि नेमकं तेव्हाच, हॉल्ट व्हायच्या आधी, इंटरप्ट येऊन बाइट टाकून गेला, मग तुम्ही हॉल्ट झालात आणि बाइट असूनसुद्धा झोपलात, पुढचा इंटरप्ट येईपर्यंत. टायमर चालू असेल तर १० मिलिसेकंदात उठवतो म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. बरोबर पद्धत अशी: सीएलआय करा (यानं इंटरप्ट बंद होतात), मग बफर बघा, रिकामा असेल तर एसटीआय आणि लगेच पुढची इन्स्ट्रक्शन हॉल्ट, मधे काहीही नाही. एसटीआयनंतरची एक इन्स्ट्रक्शन पार पडेपर्यंत सीपीयू इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे दोघांच्या मधे घुसायला फटच राहत नाही. दोन्ही एकाच असेंब्ली ब्लॉकमधे लिहा.

लॉक आणि बंद-चालूचा खेळ

साध्या कोडनं स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट बघायचा लॉक) घेतला, त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, हँडलरही तोच लॉक मागतो. हँडलर थांबतो लॉक सुटायची, लॉक वाला कोड थांबतो हँडलर संपायची. कायमचं. म्हणून हँडलरबरोबर शेअर होणारा लॉक साध्या कोडमधे घेताना इंटरप्ट बंद करूनच घ्यायचा, आणि हँडलर दुसऱ्या सीपीयूवर चालू असू शकतो म्हणून नुसतं बंद करूनही भागत नाही, दोन्ही लागतं.

आणि बंद केलं की शेवटी डोळे झाकून एसटीआय करू नका. तुम्हाला ज्यानं कॉल केलं त्यानं आधीच बंद केले असतील तर तुम्ही त्याच्या पाठीमागे चालू करून टाकता. फ्लॅग्ज आधी सेव्ह करायचे, मग सीएलआय, शेवटी फ्लॅग्ज होते तसे परत. लिनक्समधे स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह म्हणून जे आहे ते हेच करतं. सीएलआयनं एनएमआय मात्र थांबत नाही, त्याच्या हँडलरमधे तर कुठलाच शेअर्ड लॉक नको.

जास्तीचं काम कुठं ढकलायचं

हँडलर चालू असताना त्या सीपीयूवर बाकी सगळे रांगेत असतात. शिवाय तिथं झोपता येत नाही, म्हंजे म्युटेक्स (झोपून वाट बघायचा लॉक) नाही, डिस्कची वाट बघणं नाही, ज्यात थांबावं लागेल असं मेमरी अलोकेशन नाही, कारण झोपवायला हँडलरला स्वतःचा टास्कच नसतो, तो कुणाच्या तरी स्टॅकवर पाहुणा म्हणून आलेला असतो.

म्हणून दोन भाग करायचे. वरच्या भागात डिव्हाइसला पावती, डेटा उचलणं, आणि खालच्या भागाला टोचणं. खालचा भाग इंटरप्ट चालू असताना निवांत चालतो. लहान कर्नलमधे यासाठी एक कर्नल थ्रेड आणि एक कामाची रांग पुरते, जास्त काही नको. लिनक्समधे यासाठी सॉफ्टआयआरक्यू, टास्कलेट, वर्कक्यू अशी गर्दी आहे, आणि २.६.३० पासून, म्हंजे २००९ पासून, थ्रेडेड इंटरप्टही आहेत. नवीन ड्रायव्हर लिहीत असाल तर माझ्या मते सरळ थ्रेडेड घ्या, टास्कलेटच्या वाटेला जाऊ नका. लाइन लेव्हल ट्रिगर्ड (म्हंजे काय ते पुढे सांगतो) असेल तर वन शॉटचा फ्लॅग द्या म्हंजे थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क राहते.

नेटवर्क कार्डाला हेही पुरत नाही. पॅकेट इतकी येतात की सीपीयू फक्त इंटरप्टच घेत बसतो आणि आलेली पॅकेट वापरायला कुणाला वेळच मिळत नाही, याला लाइव्हलॉक म्हणतात. लिनक्समधला नॅपी यावर उपाय करतो, पहिल्या इंटरप्टनंतर कार्डाचे इंटरप्ट बंद, मग पोल करून ठराविक संख्येनं पॅकेट उचलायची, रांग रिकामी झाली की परत इंटरप्ट चालू.

लेव्हल, एज आणि शेअर्ड लाइन

एज म्हंजे लाइन बदलली त्या क्षणी एकदाच कळणार. लेव्हल म्हंजे लाइन लागलेली आहे तोपर्यंत परत परत कळणार. एजमधे डिव्हाइसला पावती उशिरा दिली तर पुढचा इंटरप्ट हरवू शकतो, म्हणून हँडलरनं एकच काम करून न थांबता स्टेटस रजिस्टर रिकामं होईपर्यंत लूप फिरवायचा. लेव्हलमधे पावतीच दिली नाही तर आयरेटक्यू झाल्या झाल्या परत तोच इंटरप्ट, परत तोच, स्टॉर्म. लिनक्स यावर लक्ष ठेवतो, एका लाइनवरच्या १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच आपले म्हटले नाहीत तर ती लाइनच बंद करून टाकतो आणि लॉगमधे नोबडी केअर्ड असं लिहून ठेवतो.

जुन्या पीसीआयच्या लाइन लेव्हल असतात आणि शेअर होतात. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरनं आधी आपल्या डिव्हाइसचं स्टेटस बघायचं आणि आपलं नसेल तर प्रामाणिकपणे नाही म्हणायचं.

आणखी एक बारकी गोष्ट जिनं मला बराच काळ छळलं. डिव्हाइसच्या मेमरी मॅप्ड रजिस्टरवर पावती लिहिली म्हंजे ती लगेच पोचली असं नाही, पीसीआयवर राइट पोस्टेड असतात, वाटेत रेंगाळतात. तोवर तुम्ही ईओआय देऊन निघालात, लाइन अजून लागलेलीच, आणि लगेच एक फुकटचा इंटरप्ट ज्यात स्टेटस शून्य. लिहिल्यावर त्याच डिव्हाइसचं एखादं रजिस्टर वाचा, वाचण्याच्या आधी राइट पोचावाच लागतो.

एपिक आणि एमएसआय

एकापेक्षा जास्त सीपीयू वापरायचे तर पीआयसी सोडावा लागतो. प्रत्येक सीपीयूला लोकल एपिक, म्हंजे पीआयसीच्या जागी आलेला नवा कंट्रोलर, असतो, त्याचा पत्ता साधारण हेक्स एफईई००००० वर, आणि डिव्हाइसच्या लाइन गोळा करणारा आयओ एपिक एफईसी००००० वर, पण पत्ते मनानं न घेता एसीपीआयच्या (फर्मवेअर देतं ती हार्डवेअरची माहिती) एमएडीटी टेबलातून वाचा. पीआयसी आधी रीमॅप करा आणि मग दोन्ही चिप्स एफएफनं पूर्ण मास्क करा, रीमॅप टाळू नका कारण मास्क करूनही स्प्युरियस येऊ शकतो आणि तो परत व्हेक्टर १५ वर आदळेल. लोकल एपिक चालू करायला ऑफसेट एफ० वरच्या रजिस्टरमधे बिट ८ लावायचा, ईओआयसाठी ऑफसेट बी० वर शून्य लिहायचं. मात्र इथल्या स्प्युरियस व्हेक्टरला ईओआय द्यायचा नाही. एमएडीटीतले ओव्हरराइड वाचायला विसरू नका, टायमरची लाइन ० बऱ्याच मशीनवर आयओ एपिकच्या इनपुट २ वर जोडलेली असते आणि लोक इनपुट ० उघडून टिकची वाट बघत बसतात.

एमएसआयमधे, म्हंजे मेसेज सिग्नल्ड इंटरप्टमधे, लाइनच नसते, डिव्हाइस एका ठराविक पत्त्यावर मेमरी राइट करतो आणि तोच इंटरप्ट. एका डिव्हाइसला एमएसआयमधे ३२ पर्यंत व्हेक्टर, एमएसआय-एक्समधे २०४८ पर्यंत. शेअरिंगची कटकट गेली, आणि डिव्हाइसनं डीएमएनं, म्हंजे सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत, लिहिलेला डेटा या राइटच्या आधीच मेमरीत पोचलेला असतो. मिळत असेल तर हेच वापरा.

अडकलं तर

क्यूएमूला इंटरप्टचा लॉग काढायला सांगा, माइनस डी इंट, आणि बरोबर नो रीबूट द्या म्हंजे ट्रिपल फॉल्टला मशीन परत सुरू न होता थांबतं. केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीनं होणारं व्हर्चुअलायझेशन) चालू असेल तर हा लॉग येत नाही, ते बंद करून चालवा. लॉगमधले व्हेक्टर हेक्समधे असतात, म्हंजे टायमर २० आणि कीबोर्ड २१ असा दिसेल. रीसेट होत असेल तर शेवटच्या डबल फॉल्टच्या आधीची नोंद बघा, खरा गुन्हेगार तो.

व्हेक्टर १३ आला आणि एरर कोड हेक्स १०बी असा काही विचित्र असेल तर घाबरू नका. खालचे तीन बिट काढून टाका, उरतो २१, म्हंजे कीबोर्डची नोंद टेबलात भरलेलीच नाही. त्या खालच्या बिटांत एक सांगतो की चूक आयडीटीतली आहे आणि एक सांगतो की इंटरप्ट बाहेरून आलेला.

आता तो फरक. कीबोर्ड एकदाच वाजून गप्प झाला तर क्यूएमूच्या मॉनिटरमधे इन्फो पिक टाइप करा. तिथं आयआरआर (वाट बघणारे इंटरप्ट), आयएमआर (मास्क) आणि आयएसआर (ईओआय बाकी असलेले) अशा तीन व्हॅल्यू दिसतात. आयएसआरमधे बिट १ लागलेला असेल तर ईओआय राहिला. आयएसआर शून्य असेल आणि पोर्ट हेक्स ६४ वाचल्यावर बिट ० लागलेला असेल तर बाइट वाचायचा राहिलाय. दोन्ही साफ असतील तर आयएमआर बघा, कुणीतरी मास्क केलंय. आणि तिन्ही ठीक असून आयआरआरमधे बिट लटकलेला असेल तर सीपीयूनंच कान बंद केलेत, फ्लॅग्जमधे इंटरप्टचा बिट शून्य असेल, कुठंतरी सीएलआय झाला आणि फ्लॅग्ज परत ठेवायचे राहिले.

चालत्या लिनक्सवर बघायचं तर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल दोन वेळा वाचा, पाच सेकंदांच्या अंतरानं, आणि आकडे वजा करा. एखादी लाइन लाखांत वाढत असेल तर स्टॉर्म, वाढतच नसेल तर डिव्हाइस गप्प आहे किंवा मास्क आहे, आणि सगळं एकाच सीपीयूच्या कॉलममधे जमा होत असेल तर त्या लाइनच्या फोल्डरमधली एसएमपी ॲफिनिटी फाइल बदलून बघा, पण आधी आयआरक्यू बॅलन्स डीमन चालू नाही ना ते तपासा, नाहीतर तुम्ही लिहाल आणि तो मागून पुसेल.